कॅप्सूल पडली, असं मी सांगितलं

३ मार्च, सकाळी ८
पोटात अधूनमधून कळा. वजन सहा किलो कमी. मी त्याला फिटनेस म्हणतो, बायको आजार. डॉक्टर अर्थातच तिच्या बाजूने. मिसरूड न फुटलेला पोरगा. कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायला देणार, पण आतडं कुठे अरुंद असलं तर ती अडकेल. म्हणून आधी तेवढ्याच आकाराची साधी, अडकलीच तर हळूहळू आपोआप विरघळणारी कॅप्सूल. ती अख्खी बाहेर आली तरच पुढचं. पाणीपुरवठ्यात सत्तावीस वर्षं काढली मी. हा मला पाइप शिकवणार.

४ मार्च, सकाळी ९
गिळली. नर्स म्हणाली, तीस तासांत पडायला हवी, दर वेळी नीट बघा. वर हातात प्लॅस्टिकची चाळणी ठेवली. माणसाला काही इभ्रत? चाळणी वापरणार नाही. निश्चय.

संध्याकाळी ६
कळ. गॅस असणार.

५ मार्च, दुपारी १२
जाऊन आलो. बघितलं नाही. पडलीच असेल, जाते कुठे? बायकोने विचारलं. म्हटलं, पडली, अख्खी. तिचा चेहरा असा काही उजळला की क्षणभर मलाही खरं वाटलं.

दुपारी ४
डॉक्टरलाही तेच सांगितलं. रंग कुठला होता, म्हणाला. हा काय प्रश्न? म्हटलं, जो असतो तो. त्याने नर्सकडे पाहिलं. तिने टीव्हीच्या रिमोटसारखं एक यंत्र पोटावरून फिरवलं. बेंबीच्या उजवीकडे, जरा खाली, ते वाजायला लागलं. कॅप्सूलमध्ये चिप असते म्हणे. हे आधी सांगायला काय झालं होतं?
डॉक्टर हळूच म्हणाला, "काका, तुमच्या शब्दावर आज कॅमेरा दिला असता, तर तो ऑपरेशन करून काढावा लागला असता."
बायको भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता वाचत बसली. चष्मा पर्समध्ये होता.

६ मार्च, सकाळी ७
काल लगेच स्कॅन केला. आतडं एका जागी चांगलंच आवळलंय. कॅप्सूल विरघळून जाईल, औषधं आजपासून, ऑपरेशनचं नंतर बघू. यापुढे खरं बोलायचं. निश्चय.
बायकोने विचारलं, पहाटे दुखलं का. म्हटलं, छे. ती समोरून हललीच नाही. शेवटी सांगून टाकलं, दुखलं, गेलं वर्षभर दुखतंय.
"माहीत आहे," ती म्हणाली. "संडासाचं दार पातळ आहे."