छापखान्याने नेलेले कान

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे तूर्त कागदावरच). तुझी तब्येत ठणठणीत असणारच. तुझ्याशी रोज बोलून बोलून वहिनीचा घसा कसा आहे, ते कळव. तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या नातीला, म्हणजे आपल्या चिमणीला, वर्गात बाईंचं बोलणं कळेना. लक्ष नसतं म्हणून तिला आधी पहिल्या बाकावर बसवलं, मग कोपऱ्यात उभं केलं. शेवटी सूनबाई तिला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली आणि खानदानाचा इतिहास सांगायला मी सोबत गेलो. घरात आणखी कुणाला कमी ऐकू येतं, असं बाईंनी विचारताच मी छाती फुगवून म्हणालो, सगळ्यांनाच. पण आमचं दुखणं नव्हे, कष्टाची कमाई! बाबांचे कान छपाईयंत्राने नेले, काकांचे कागद कापायच्या यंत्राने आणि तुझे पुन्हा छपाईयंत्राने. (तुझ्या निरोपाच्या भाषणात मालकांनी तुझ्या कानांचे आभार मानले होते, तेही सांगितलं. ते तुला ऐकू आलं नव्हतं, हे नाही सांगितलं.) आपली आत्याही बहिरी, हे सांगताच बाईंनी विचारलं, मग आत्याबाईंचं काय? आत्याने तर छापखान्यात पाऊलही टाकलं नव्हतं. मी म्हणालो, ती बाबांचा डबा भरायची. बाईंनी पेन खाली ठेवलं.

मग त्यांनी आपली वंशावळ काढली आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या खुणा काळ्या केल्या. शाईची बाटली उपडी झाल्यासारखा आपल्या घराण्याचा कागद दिसत होता. म्हणाल्या, आवाजाने भर घातली असेल, पण मूळ चूक जनुकात दिसते. आईकडून किंवा बापाकडून येते. प्रत्येक मुलाला ती मिळेल की नाही, ही नाणेफेक. (चिमणीच्या बापाचा टीव्ही हल्ली शेजाऱ्यांनाही ऐकू येतो, तेव्हा नाणं कसं पडलं ते कळलंच.) आयुष्यभर छापखान्याला बोल लावला, आणि चूक निघाली मूळ मजकुरातच!

यावर सूनबाई ओक्साबोक्शी रडली. दादा, चिमणीच्या तापात स्वतः दिलेल्या औषधानेच तिचे कान गेले, असं ती पोर इतके दिवस मनात धरून बसली होती. मला फार वाईट वाटलं. तिच्या माहेरचे सगळे तिखट कानाचे आणि आपल्याकडचा दोष यंत्रांच्या नावावर, म्हणून तर तिने सगळा दोष स्वतःवर घेतला. मी समजावलं, तर तिला वाटतं सासरे मन राखायला बोलतात.

वहिनीला नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : डॉक्टरीणबाईंना खात्रीसाठी घरातल्या आणखी कुणा वडीलधाऱ्याचं रक्त हवं आहे. माझं दिलं, आता तू ये. तुझ्या कानांचं श्रेय यंत्राकडून काढून घेणं तुला जड जाईल, ठाऊक आहे. पण सूनबाईसमोर बसून एकदा म्हण, "पोरी, हे आमच्याकडचं आहे. तुझी काही चूक नाही." तुझा शब्द ती मानते.

ता. क. दुसरा : फोनवर तुलाच नाही, मलाही ऐकू येत नाही. चिमणीने कानातलं यंत्र लाल निवडलं. तिला एकटं वाटू नये म्हणून मीही लालच मागवलं. आजोबांच्या दादांना कुठला रंग हवा, असं ती विचारते आहे.