परत केलेलं वाण

आई, धारच्या कोर्टाबाहेर बाकावर बसलोय. अजून पुकारा झालेला नाही. तुझा जुना नंबर फोनमध्ये तसाच आहे, त्यावरच टाइप करतोय. माझी शाळा हिंदीत झाली, तीही तुझ्या बदल्यांबरोबर तुकड्यातुकड्यांत, तेव्हा चुका काढत बसू नकोस. समोर एक वकील काळ्या कोटात कचोरी खातोय. काळ्यावर चटणी सांडली तर दिसतच नाही, हे मला आज कळलं. बघ, लागलो भटकायला. तर, ज्याच्याबरोबर मी गावोगाव फिरतो तो माझा दोस्त आत आरोपी आहे. मोहनखेड्याच्या रस्त्यावर त्याच्या पिकअपनं पायी चाललेल्या एका म्हाताऱ्याला उडवलं. म्हातारा जागीच गेला. दोस्त मोबाईलवर बोलत होता आणि मी शेजारच्या सीटवर टक्क जागा होतो. पोलिसांनी मला साक्षीदार केलंय, आणि त्याच्या वकिलाला माझ्याकडून एवढंच हवंय, की मला डुलकी लागली होती. दोस्तही म्हणतो, "भिया, बस इतना बोल दे."

आणि आई, मी त्यांच्याच घरी जेवतो. तू गेल्यापासून कधीही देवासला उतरलो की त्याची आई, काकू, ताट वाढते. आज सकाळी पोह्यांवर शेव घालता घालता म्हणाली, "तू तर झोपलाच होतास ना रे?" मी म्हणालो, "काकू, लिंबू आहे का?"

तेव्हापासून मला कुक्षी आठवतेय. तू तिथे नवी सिव्हिल जज. शेजारच्या वहिनींकडे संक्रांतीचं हळदीकुंकू, आणि त्यांच्या भावाचा जमिनीचा खटला तुझ्यापुढे. मी तुझा पदर धरून उभा. तू कुंकू लावून घेतेस आणि वाणात मिळालेली स्टीलची वाटी तबकात परत ठेवतेस. "अहो जजबाई, सवाष्णीनं वाण परत करू नये," वहिनी म्हणतात. तू हसून म्हणतेस, "भावाचा निकाल लागू द्या, पुढल्या संक्रांतीला दोन वाट्या नेईन." फाल्गुनात बाबा स्कूटरवरून पडले, पाय मोडला, आणि अख्खी गल्ली म्हणाली, वाण परत केलं ना, भोगा आता. तू बाबांना प्लास्टर घालून आणलंस आणि कोर्टात गेलीस. पुढे धारला, याच इमारतीत, आणि शेवटी देवासला जिल्हा न्यायाधीश झालीस तरी तेच. गावात कुणाच्या लग्नात जेवायचं नाही. आपल्या गणपतीच्या आरतीला आपण तिघंच, बाबांच्या हातात घंटा, तुझ्या हातात तबक, टाळ्या वाजवायला मी एकटा. एकदा चिडून विचारलं होतं, "कुणाकडे जेवलं तर काय होतं गं?" तू आमटी ढवळत म्हणालीस, "अन्न बोलतं रे. मग समोरच्याचं ऐकू येत नाही." इतका राग आला होता तुझा. म्हणून तर मोठा झाल्यावर दिसेल त्या घरी जेवत सुटलो.

माझं नाव पुकारतायत. जातो.

झालं. मी जागा होतो, असं सांगितलं. मोबाईल त्याच्या कानाला होता, तेही. त्याचा वकील उखडला. "आपकी आरोपी से दुश्मनी है?" मी म्हणालो, "नहीं साहब, आज सुबह उसी के घर पोहे खाए हैं." जजसाहेबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. दोस्तानं मान वर केलीच नाही.

काकू बाहेर कडुलिंबाखाली उभी होती. वाटलं, थोबाडीत मारेल. तिनं पिशवीतून डबा काढला, बाफल्यांचा, त्या तुपात बुडवलेल्या कणकेच्या गोळ्यांचा. "तुझ्या नावानं भरला होता. घरी परत नाही नेणार," म्हणाली आणि तोंड फिरवून गेटकडे चालू लागली. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

आता पुन्हा त्याच बाकावर आहे. डबा मांडीवर, तुपाचा वास येतोय, झाकण उघडायची हिंमत होत नाही. हे पाठवणार नाही, तुझा नंबर एव्हाना दुसऱ्या कुणाला मिळाला असेल. तू असतीस तर डबा तिथल्या तिथे परत केला असतास, ठाऊक आहे मला. मी दोन्ही हातांनी घेतला, आई.