लाल मोटारीतून न उतरलेली

प्रिय सुदर्शन,

'प्रिय' लिहिलंय ते केवळ सवयीने. तुझं 'लाल मोटार' गाणं इकडे निलंग्याच्या स्टँडपासून हळदीच्या मांडवापर्यंत वाजतंय. परवा मी आईकडे गेले होते, तेव्हा माझ्या पुनमने तुझी मुलाखत मोबाईलवर लावून आजीसमोर धरली. आई पदर सावरून बसली, जणू तिचा लेकच घरी आलाय.

किती सफाईने बोललास रे! हे म्हणे जुनं लोकगीत, कुणी रचलं ठाऊक नाही. तेव्हा गाजलेल्या सिनेमात नायिका लाल मोटारीतून उतरते, ते बघून गावच्या बायकांनी गाणं जुळवलं. खाली लोकांनी त्या मोटारीचे फोटो टाकलेत आणि कडव्याकडव्यात नायिका शोधतायत.

आपल्या घरात लाल मोटार म्हणजे एसटी, हे तुला मी सांगायचं? आपली सिंधुताई हदगावला नांदायला गेली, त्या पहिल्या पंचमीला आई तीन दिवस फाट्यावर उभी होती. चौथ्या दिवशी जात्यावर बसली आणि तिच्या तोंडून ते आलं. 'उतरलं सारं गाव, माझी सिंधु उतरंना.' नेमकी तीच ओळ तू कापलीस. महिन्याभरात ताई तापाने गेली. पहिल्या सणाला पोर पाठवली नाही म्हणून आई अजून हदगावच्यांच्या नावाने बोटं मोडते.

मुलाखत संपली तेव्हा तिने एवढंच विचारलं, "मने, माझी सिंधु कुठं गेली गं ह्यातली?" मी पुनमच्या हातातून मोबाईल काढून घेतला.

तरी कापलेल्या ओळीसाठी मी लिहीत नाही. तो सिनेमा तू कधी पाहिलास, ते मला माहीत आहे. ताईला माहेरी आणायला मुराळी म्हणून तूच निघाला होतास. पण मधेच लातूरला उतरलास, सिनेमा बघितलास, मित्राकडे राहिलास आणि घरी येऊन सांगितलंस की सासरचे पाठवत नाहीत. सिनेमाचं तिकीट मला तुझ्या खिशात सापडलं. तू रडून मला शपथ घातलीस आणि मी ती बावीस वर्षं पाळली. ताई मात्र पिशवी भरून भावाची वाट बघत बसली असेल. आता त्याच सिनेमाला तू आईचं गाणंही देऊन टाकलंस. या पंचमीला ये आणि आईला स्वतःच्या तोंडाने सांग. शेवटच्या एसटीपर्यंत मी फाट्यावर थांबेन. तू उतरला नाहीस, तर घरी जाऊन मी सांगेन.

अजून तरी तुझीच,
मनिषा