रबराचं चाक

घाटमळा, ता. पलूस
२ सप्टेंबर २०२४

ती. आप्पासो मामांस,
शिवांजलीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचा फोन कायम मोठ्या आवाजावर आणि शेजारी चार माजी सैनिक बसलेले, म्हणून पत्र. पुरात गावची बोट अकरा माणसांसकट भर धारेत बंद पडली. बाभळीला अडकली म्हणून सगळे वाचले. गाव म्हणतं, बोट सांभाळणाऱ्या दादांनी, म्हणजे तुमच्या दाजींनी, इंजिनाची देखभालच केली नाही. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत त्यांच्याकडून बोट काढून घेणार आहेत, आणि दादा तोंडच उघडत नाहीत. म्हणून सरपंचांना विचारून मीच इंजिन गोठ्यात ताडपत्रीवर उघडलंय. दुरुस्ती येत नाही. उघडत उघडत शिकतेय. आई म्हणते, म्हशीपेक्षा या लोखंडाचीच सेवा जास्त चाललीय.

माया असू द्या.
शिवांजली

सातारा
७ सप्टेंबर

चि. शिवांजलीस मामाचे अनेक आशीर्वाद.

इंजिन आपोआप मरत नसतं, पोरी, मारलं जातं! बोटीच्या शेडची किल्ली कोणाकडे? जुन्या नावाड्याकडे, त्या तात्याबाकडे. बोट दाजींच्या हाती आल्यापासून जळतंय कोण? तोच. अन्याय दिसत असताना गप्प बसणाराही गुन्हेगारच, हे मी शंभर सभांत सांगितलंय. पेट्रोलच्या टाकीत साखर शोध. सरपंचांना फोन करून मी तात्याबाचं नाव सांगून टाकलंय. त्याला गोठ्याजवळ फिरकू देऊ नकोस.

मामा पाठीशी आहे, हे दाजींना सांग.
आप्पासो

घाटमळा
१९ सप्टेंबर

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

साखर नाही, वाळू नाही. प्लग, कार्बोरेटर स्वच्छ. तात्याबा आले होते. तुमच्या सांगण्यावरून त्यांना दारातच उभं केलं. ते म्हणाले की व्हय बाई, चोर म्हणून बघ, पण खालचा पंप उघडल्याबिगर सोडू नको. तो उघडला. नदीचं पाणी ओढून इंजिन गार ठेवणारं रबराचं चाक त्यात असतं. त्याची निम्मी पाती जळून तुटलीत. पाण्याबाहेर चालवलं की दोन-चार मिनिटांत असं होतं. रोजच्या दोन फेऱ्यांना ते कसंबसं पुरलं. पुरात दिवसभर पळवल्यावर इंजिन तापून बंद पडलं. पण जाम झालेलं नाही, आता हाताने फिरतंय.

बोटीवरून काढलेलं इंजिन दादा नेहमी खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवूनच चालू करतात. मग कोरडं कोणी चालवलं, असं विचारलं तर म्हणाले की राहू दे गं, पाव्हण्याचा मान असतो.

मामा, गेल्या खंडेनवमीला देवळासमोर इंजिनाच्या पूजेला पाहुणे कोण होते?

संशय घ्यायला तुम्हीच शिकवलंत, रागावू नका.
शिवांजली

सातारा
२४ सप्टेंबर

चि. शिवांजलीस आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. पाहुणा मीच. इंजिनाला हार घातला आणि सलामी म्हणून ते चालू करायचा हुकूम सोडला. दाजी पिंप आणायला निघाले, तेव्हा मी माइकवरून म्हणालो होतो की रणगाड्याला कोणी बादलीत बसवतं का. सगळा गाव हसला. माझ्या घोषणा संपेपर्यंत ते कोरडंच गरजत होतं, आणि घोषणा लांबल्या.

दाजी माझ्यासाठी गप्प राहिले. गप्प बसणाऱ्याला मी गुन्हेगार म्हणालो होतो.

ग्रामसभेला येतोय. आधी तात्याबाच्या घरी जाईन. त्याने दारात उभं केलं तर उभा राहीन. मग सभेत सगळं सांगेन. माइक नको. नवं चाक आणतो, ते तू बसव, मी पाना धरतो. सभेपुढे पिंप भरून ठेव. इंजिन दाजीच चालू करतील.

राग हवा तेवढा ठेव, माया कमी करू नकोस.
तुझा मामा