निनावी लेखकाची नक्कल

मास्तर,

त्या नकलेच्या बाबतीत तुम्ही मला बनवलंत, असा माझा संशय आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तो जात नाही. तेव्हा मी तुमच्या शाळेत नवा मास्तर होतो आणि तुम्ही हेडमास्तर. सोलापुरातल्या एका साप्ताहिकात दर शनिवारी कुणा निनावी लेखकाची रहस्यकथा यायची. काय ती कथा! संकट आलं की नायक आधी चंद्राकडे बघून भाषण ठोकायचा आणि मग बेशुद्ध पडायचा. शाळेच्या संमेलनासाठी मी तिचं विडंबन लिहिलं आणि वाचून दाखवायला तुमच्या घरी आलो.

तुम्ही एकटेच चुलीपुढे बसून भाकरी थापत होता. शाळेत शुद्ध बोलणारे तुम्ही घरी बोलीने पुरते मंद्रूप गावचे होता. माझी पानं ऐकून तुम्ही हसला नाहीत. "लई चिमटे काढतोयस," तुम्ही म्हणालात. "एकच खोड धर की. बेशुद्ध पडतोय न्हवं? पयल्यांदा दरोडेखोराम्होरं पडू दे, मग भाजीवालीम्होरं, मग सोताच्या लग्नात. चौथ्यांदा पाडलास तर लोक जांभया देतील. आन् आपण येडा हाय हे त्याला कळता कामा न्हाय. बाकीच्यांनी बी पाणी मारून त्याला आदरानं उठवायचं." मग तव्यावरची भाकरी उलटून म्हणालात, "चंद्राचं भाषण मातूर हाय तसं ठेव. शब्द बदलू नगं." मूळ अंक आणू का, असं मी विचारलं, तर तुम्ही ते भाषण घडाघडा तोंडपाठ म्हणून दाखवलंत. माझ्या मनात तिथेच शंकेची पाल चुकचुकली.

"मास्तर, ही गोष्ट तुमची तर नव्हे?"

"भाकरी खा, गार हुईल," एवढंच म्हणालात.

संमेलनात लोक पोट धरधरून हसले. मी मात्र पडद्याआडून तुमच्यावरच नजर ठेवून होतो. भाषण सुरू झालं आणि पहिल्या रांगेत तुमचे ओठ नायकाच्या बरोबरीने हलू लागले. स्वतःच्या लेकराची टिंगल अशी कोण बेतून देतो? बाहेर पडताना तुम्ही पाठीवर थाप मारलीत, "झ्याक झालं." त्या शब्दावर माझा तेव्हाही विश्वास बसला नाही आणि आजही बसत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही तापाने गेलात, आणि त्याच आठवड्यापासून कथा बंद पडली. नायक किल्ल्यातल्या विहिरीत दोराला लटकलेला. साप्ताहिकाचे संपादक माझ्याकडे आले. लेखकाचं नाव सांगेनात, वचन दिलंय म्हणाले. "पण कथेचा शेवट तुम्ही लिहा. तिचे सांधे तुमच्याइतके कुणाला ठाऊक आहेत?" मी हो म्हणालो. वाटलं, एका बैठकीत उरकेल.

नायक अजून त्या विहिरीतच आहे. वर काढायला जावं तर माझ्या हातून त्याचं धोतर तरी सुटतं, नाहीतर वाचवायला येणाराच आत पडतो. कधी कधी वाटतं, तुमच्या नायकाला तुमच्यामागे कुणी हात लावू नये म्हणून तर तुम्ही मला थट्टा शिकवली नाहीत ना? तुमचा काय नेम. संपादकांनी माझी वाट बघणं केव्हाच सोडलं. हे कागद मी ट्रंकेत टाकणार आहे, कारण पाठवायची सोय असती तरी तुम्ही उत्तर टाळलंच असतंत. पण एक कबूल करतो. मला तुमच्याइतकं वाईट लिहायचं आहे, मास्तर. जमत नाही.