वाटेवरच्याचं पान

७ मार्च
तोमियांच्या पेढीत आज सामान आणलं. एकेकाळी कापडाचे व्यापारी होते हे. आता घर तिकीट काढून बघता येतं आणि त्याची राखणदार मी. राहायला मागची खोली, खिडकीखाली कालवा. शाळा संपली की वीस तारखेला नागिसा नागोयाहून, माझ्या बहिणीकडून, इथे येईल. दोन वर्षांनी आम्ही मायलेकी एका छताखाली! तिकिटं देणाऱ्या सेगावाबाईंनी माझी पुस्तकांची खोकी पाहून विचारलं, बाई, आमच्या जुन्या जमिनीला पेलवेल ना? संध्याकाळी स्वतः मुरवलेला मुळा घेऊन आल्या. मी फार खूश आहे.

१० मार्च
आतल्या खोलीत एक रिकामी बैठक आहे. समोर लाखेच्या चौरंगावर मेणाचा भात, मेणाचा मासा. घरचा धाकटा सेइजिरो माल घेऊन उत्तरेला गेला, तो परतलाच नाही. प्रवासातल्या माणसाचं नाव घेऊन त्याचं पान घरी रोज वाढायचं, ही जुनी रीत. वाटीच्या झाकणाला आतून थेंब धरले की तो सुखरूप. त्याच्या आईने मरेपर्यंत वाढलं.
आज एक चिमुरडी ओरडली, "शी, खोटा भात!" सगळे हसले. मला का लागावं इतकं?

११ मार्च
खरा भात, मिसोचं सार, भाजलेला मासा वाढला. मेलेल्याचं नाव घ्यायला मन होईना, म्हणून हात जोडून नागिसाचं घेतलं. झाकणाला थेंबच थेंब. नंतर रीतीप्रमाणे ते मीच जेवले.
सेगावाबाई भडकल्या. "अहो, कॉलेज शिकलात ना? ती जागा त्याची आहे, वाटेतच राहिलेल्याची! लेकीचं पान तुमच्या खोलीत मांडा की!"
मी हसण्यावारी नेलं. खरं लिहायचं तर, आज लोक त्या पानापाशी थांबत होते आणि मला ते आवडलं. लेकीसाठी वाढलं की लोकांसाठी?

१२ मार्च
सकाळी उंबऱ्याशी गवताच्या चपला, पुरुषी, बर्फाने भिजलेल्या. बाहेर लख्ख ऊन. आतल्या खोलीत कुणीतरी दमून टेकल्यासारखा उसासा. सेगावाबाई चपलांपुढे वाकल्या, हलकेच म्हणाल्या, "आलात का घरी?" मग माझ्याकडे वळल्या. जागा एकाचीच असते, म्हणाल्या. तो सुटला. आता वाटेवर कोण आहे?
नागिसाचं पान मात्र मी रोज वाढणार आहे. थांबवायचीच भीती वाटते.

२० मार्च
बहिणीने नागिसाला स्वतः गाडीत बसवलं. दुपारी फोन आला: आई, पुढचं स्टेशन तुझंच. संध्याकाळी पुन्हा अगदी तेच. खिडकीबाहेर नुसता बर्फ आहे म्हणाली. इथे झाडं फुललीत.

२१ मार्च
पोलीस म्हणतात, गाडी वेळेवर पोचली, त्यात अशी मुलगी नव्हती. फोन लागतो. "चिडू नकोस ना गं आई, पुढचंच आहे." तिच्या लेखी अजून कालची दुपारच.
सकाळी पान वाढलं नाही. फोनवर तिचा आवाज इतका बारीक झाला — भूक लागलीय म्हणाली. वाढलं. मग काय करू? मीच तिला तिथे —

२२ मार्च
सेइजिरोचं नाव घेऊन पाहिलं. काही नाही. घरी पोचलेला माणूस परत कशाला जाईल.
दुसऱ्या कुणाचं घेऊ? कुणाच्या लेकराचं?
माझंच घेतलं. पान प्रवासाला निघालेल्याचंच असतं, म्हणून निघते. सेगावाबाईंनी हात धरला होता. सोडवला.

तारीख —
कालव्याच्या कडेने चालतेय. स्टेशन येत नाही. बर्फ. उभ्यानेच लिहितेय.

फोन. नागिसा. "आई, मी पोचले! तू कुठेयस? या तिकीटवाल्या आजी नुसत्या रडतायत!"
पोचली. पोचली माझी बाय.

पुन्हा फोन. आजींनी सगळं सांगितलं म्हणते. आवाज शांत. "घाबरू नकोस, थांब तिथेच. मी भात लावलाय."
नको म्हणून ओरडले. तिला ऐकू येत नाही — नुसतं हॅलो, हॅलो —

बर्फ विरळ होतोय. का होतोय?
नको गं
समोर दिवा — आपलंच दार — मला सोडवू नको, नागिसा, पानावर तुझं नाव नको घेऊस —