मुका कॅमेरा आणि तुझे भावजी

चिरंजीव बंडूस,

ताईचा एक हात तुझ्या डोक्यावर आशीर्वादाला आहे आणि दुसरा कानाजवळ आहे. पत्र वाचून होईपर्यंत तो तिथेच राहील. इकडे आम्ही दोघे खुशाल आहोत. खरं तर हे लिहायची आता गरज नाही, कारण आम्ही खुशाल असताना कसे दिसतो ते तू ऑफिसात बसून रोज बघतोसच. तुझी पाठ कशी आहे? आमच्या भावजयीची सर्दी गेली का? (तिला म्हणावं, एसीचा वारा डोक्यावर घेऊ नकोस. ती ऐकणार नाही, आणि तुमच्या घरी मी कॅमेरा लावलेला नसल्यामुळे मला कळणारही नाही.)

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू बोलतोस आणि मी नुसतं 'हो रे, हो रे' करते. माझी पाळी आली की तुझी मीटिंग सुरू होते. पत्राला मीटिंग नसते. परवा तू एका दमात सांगून टाकलंस की ताई, मी कॅमेऱ्यात पुरेसं बघितलंय, तुमचं दोघांचं काही खरं नाही, महिनाअखेरीला गाडी घेऊन येतो, शेत विकून टाकू आणि तुम्ही आमच्या लिफ्टशेजारच्या खोलीत राहायला या. ह्यांनी शेजारी बसून सगळं ऐकलं. उठले, आणि कोंबड्यांना एकदा घातलेले दाणे पुन्हा जाऊन घातले. कोंबड्या खूश आहेत, मी नाही. (तुझी खोली वाईट आहे असं मुळीच नाही. पण तिची खिडकी उघडली की समोरच्या बाईच्या फोडणीत आपला हात जाईल अशी भीती वाटते.) तेव्हा तू काय बघितलंस आणि खरं काय होतं, ते एकदा नीट सांगते. सावकाश वाच. मीटिंगमध्ये वाचलंस तरी चालेल.

पहिल्यापासून सांगते. पंपाची केबल नाहीशी झाली, तेव्हा कॅमेरा लावा म्हणून तूच आमच्या मागे लागलास. आम्ही गेलो बाजारातल्या त्या दुकानात. भिंतभर टीव्ही लावलेले. एका टीव्हीवर पाठमोरा टक्कल पडलेला माणूस दिसत होता, आणि हे कितीतरी वेळ मला हळूच सांगत होते की बिचाऱ्याचं मागून पार गेलंय, त्याला कुणी सांगितलंय की नाही कोण जाणे. मग ह्यांनी डोकं खाजवलं, त्या माणसानेही खाजवलं, आणि ह्यांचा हात डोक्यावरच राहिला. त्या धक्क्यातून ह्यांना बाहेर यायला वेळ लागला. तोपर्यंत दुकानदाराने आम्हाला आठ कॅमेरे, एक पेटी आणि एक मोठा पडदा जवळजवळ विकला होता.

त्याच्याकडे काय काय होतं म्हणून सांगू! एक कॅमेरा मान वळवून बघतो. (मान वळवून बघणाऱ्यांची आमच्याकडे टंचाई नाही, ट्रॅक्टरवाला शेजारी आहेच.) एक चोर दिसला की सायरन वाजवतो. एक तर माणसाचा चेहरा ओळखून नाव सांगतो. मी म्हटलं, अहो, आम्ही दोघंच राहतो आणि अजून तरी एकमेकांना ओळखतो. शेवटी ह्यांनी घसा खाकरून विचारलं की ज्याला काहीच कळत नाही पण दिसतं, असा साधा एखादा आहे का? दुकानदाराने नाराजीने खालच्या कप्प्यातून एक काढला. डोक्यावर सोलरची प्लेट आणि पोटात स्वतःचं सिमकार्ड. (आमच्या दोघांत मिळून एक फोन, आणि ह्या ठोंब्याला स्वतंत्र नंबर!) तो म्हणाला, हा आवाजाचा घ्या की बिनआवाजाचा, तुमच्या मर्जीवर आहे. हे 'आवाजाचा' म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी कोपराने ढोसलं. आमच्या अंगणात सकाळी उठल्यापासून जे बोलणं चालतं ते काय रेकॉर्ड करून ठेवायच्या लायकीचं आहे का? त्यातलं निम्मं तुझ्या सासरच्यांविषयी असतं. म्हणून आम्ही मुका कॅमेरा घेतला, आणि बंडू, सगळा घोटाळा तिथेच झाला.

दुसरा घोटाळा म्हणजे तो कॅमेरा बघायला स्मार्टफोन लागतो, आणि आमचा बटणांचा. दुकानदार म्हणाला, घरात कुणाकडे असेलच की. ह्यांनी मोठ्या अभिमानाने तुझा नंबर दिला. म्हणजे काय झालं, की आमच्या फाटकात काय चाललंय ते सातव्या मजल्यावरच्या साहेबांना दिसतं, आणि फाटकात उभ्या असलेल्या आम्हाला काही दिसत नाही. काही हललं की तुझा फोन टिंग वाजणार. पहिल्याच दिवशी तू घाबराघुबरा होऊन फोन केलास, 'ताई, लाल कपड्यातलं कोण फिरतंय?' तो कोंबडा होता. तुझ्या ऑफिसातल्या मोठ्या साहेबांसमोर तुझा फोन किती वेळा वाजला ते तू सांगितलंयस. त्याबद्दल कोंबड्याच्या वतीने मी दिलगीर आहे.

आता एकेक प्रसंग घेते. तू म्हणालास, भावजी उन्हात अंगणात पालथे पडले होते आणि तू त्यांच्याशेजारी बसून हसत होतीस. बरोबर आहे. ह्यांची कवळी शिंकताना उडाली आणि हातगाडीखाली गेली. ती काढायला हे आडवे झाले आणि हातगाडीखालून मला सूचना देऊ लागले. बिनदातांच्या सूचना तू ऐकल्या असत्यास तर तूही हसला असतास; पण आवाज नाही ना! तुला दिसली ती पडलेल्या नवऱ्याला हसणारी बाई.

मग तू म्हणालास, तू बांबू घेऊन भावजींच्या मागे धावत होतीस आणि ते जीव मुठीत घेऊन पळत होते. हेही बरोबर. ह्यांच्या पाठीवर सरडा होता. मी ओरडत होते, 'थांबा, थांबा!' ह्यांना ऐकू आलं नाही असं काही नव्हे हं, नीट ऐकू आलं होतं; पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको बांबू घेऊन थांबा म्हणाली तर कोण थांबतं? सरडा कधीच उतरून गेला होता, ते आम्हाला दोघांनाही दमल्यावर कळलं.

सगळ्यात कहर केलास तो लिंबांच्या वेळी. एक अनोळखी माणूस पोती भरून टेम्पोत टाकतोय आणि भावजी त्याला मदत करून वर हसत टाटा करतायत, हे बघून तू थेट ट्रॅक्टरवाल्याला फोन केलास. अरे, तो आपला नेहमीचा लिंबांचा व्यापारी! तू लहान असताना त्याने तुला टेम्पोत पुढे बसवून हॉर्न वाजवायला दिलेला. त्याने मिशी काढली, एवढंच. ट्रॅक्टरवाला पहार घेऊन धावत आला. व्यापारी टेम्पोच्या टपावर चढला आणि आम्ही त्याला ओळखतो हे ट्रॅक्टरवाल्याला पटेपर्यंत तिथेच बसून राहिला. (ट्रॅक्टरवाल्याचं म्हणणं, चोराशी ओळख नसते असं कुणी सांगितलं?) आता व्यापारी फाटकाबाहेरच थांबून म्हणतो, 'आधी तुमच्या भावाला विचारून घ्या, मग आत येतो.' पुन्हा मिशी वाढवायला घेतलीय म्हणे. निम्मीच आलीय, आणि आधीपेक्षा जास्तच चोरासारखा दिसतो.

राहता राहिली शिडी. तू दर वेळी तेच विचारतोस, भावजी ह्या वयात दर रविवारी शेडच्या भिंतीला शिडी लावून वर का चढतात, आणि तू धरायला का नसतेस. एकदा पत्रा वाजत होता. एकदा वर पतंग अडकला होता. एकदा मांजर. शेड म्हटली की कामं निघतात रे, आणि मी धरायला असते, फक्त कॅमेऱ्यात दिसत नाही. एवढं पुरे झालं.

हे सगळं वाचून तुझ्या लक्षात आलं असेल, की डोकं आमचं ठिकाणावर आहे, कॅमेऱ्याला आवाज तेवढा नाही. तू सायकल शिकलास ती ह्याच अंगणात. आई गेली आणि लग्नानंतर माझ्याबरोबर तूही ह्या घरात आलास, तेव्हा तुझे पाय पेडलला पुरत नव्हते. तुझी सीट धरून हा माणूस धापा टाकत, ओरडत अंगणभर पळायचा. तेव्हा मुका कॅमेरा असता, तर बघणारा म्हणाला असता, त्या गरीब पोराच्या मागे कोण वेडा लागलाय हा! आता तेच अंगण विकायचं म्हणतोस. मला राग आला, बंडू. खरंच आला. तुला आमची काळजी वाटते हे कळतं मला. पण तुझे भावजी परवापासून झाडांमधून फिरतायत ते एखाद्या पाहुण्यासारखे, कशालाही हात न लावता. ते मला बघवत नाही. कॅमेऱ्यात ते दिसणार नाही, कारण कॅमेऱ्याचं तोंड अंगणाकडे आणि फाटकाकडे आहे. म्हणून लिहिते: आम्ही येणार नाही. लिफ्टशेजारच्या खोलीत तुमचे जुने पंखे आणि खोकी आहेत ती तशीच सुखाने राहू देत.

महिनाअखेरीला तू मात्र जरूर ये. गाडीही आण. जाताना तिच्यात लिंबं भरून देईन.

भावजयीला आणि पोरांना भरपूर प्रेम. तुला ते वागशील त्याप्रमाणे.

तुझी,
अजून डोकं शाबूत असलेली,
ताई

ता. क. केबल सापडली. माळ्यावर, गोणपाटात नीट गुंडाळून ठेवलेली. चोरीला जाऊ नये म्हणून कुणीतरी जपून ठेवली आणि विसरलं. 'कुणीतरी' कोण ते विचारू नकोस. मला कळलंय हे त्यांना माहीत नाही. ते अजून रोज फाटकाशी उभे राहून चोराला शिव्या घालतात, आणि मीही साथ देते.

ता. क. २. येताना व्यापाऱ्यासाठी काहीतरी घेऊन ये. टेम्पोच्या टपावरून उतरताना त्याची चप्पल तुटली.

ता. क. ३. वर शिडीबद्दल लिहिलं ते खरं नाही. पत्रा वाजत नव्हता, पतंग नव्हता, आणि मांजर आपल्याकडे नाहीच. त्याचं असं आहे, की कॅमेरा लागायच्या आधी तुझा फोन कधी यायचा ते मी लक्षात ठेवत नाही (ह्यांना पाठ आहे). कॅमेरा लागल्यावर मात्र तू सारखा फोन करायला लागलास. कोंबडा फिरला की केलास, मी बांबू घेतला की केलास. मग पुढे कोंबड्याची तुला सवय झाली आणि फोन पुन्हा कमी झाले. ह्यांनी एकदा खरोखरच पत्रा बघायला शिडी लावली, तर वर पोचायच्या आत तुझा फोन! 'भावजी, उतरा आधी खाली!' ह्यांना कोण आनंद. उतरून तुझ्याशी किती वेळ गप्पा मारत होते. तेव्हापासून रविवारी, तुला सुट्टी असते त्या वेळी, हे आंघोळ करून धुतलेला शर्ट घालतात आणि शिडी लावतात. आणि मी शिडी धरायला नसते, ते एवढ्यासाठी की मी ओट्यावर फोन हातात घेऊन बसलेली असते.

गेल्या रविवारी तुमच्याकडे पाहुणे असतील, तू बघितलं नसशील. ह्यांचा पाय सटकला. खालच्या पायरीवरून, घाबरू नकोस, कोपर खरचटलं, बाकी काही नाही. मी धावत गेले, तर जमिनीवर बसल्या बसल्या ह्यांनी पहिलं काय विचारलं माहीत आहे? 'फोन वाजला का ग?'

शिडी मी आज ट्रॅक्टरवाल्याला देऊन टाकली. तेव्हा रविवारचं आता तू बघ.